गोळी घेतली, नाश्ता राहिला

मास्तर गाडीत बसले की गाडी आधी एक सुस्कारा टाकायची आणि मग त्यांच्या बाजूला कलायची. शिकायला नवीन आलेला माणूस दचकून दार धरायचा. मास्तर शांतपणे म्हणायचे, "घाबरू नका, तिला माझी सवय आहे. तुम्ही आरशात बघा."

गाडी शिकवण्यात मास्तरांची निम्मी हयात गेली होती. चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. आत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. बाहेर छोटी पांढरी गाडी आणि तिच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी. मास्तरांच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर त्यांचा सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास होता. समोरच्याने गाडी थेट भिंतीकडे नेली तरी त्यांचा आवाज चढत नसे. "भिंत कुठे पळून जात नाही, तिला नंतर भेटू," असं म्हणत ते हळूच पाय दाबत. या स्वभावामुळे भित्र्यातली भित्री माणसं त्यांच्याकडे यायची आणि पास होऊन जायची. पास झालेला प्रत्येक जण आनंदाने केकचा खोका घेऊन यायचा. मास्तरांचे विद्यार्थी फार पास व्हायचे, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

एकदा बुटाची नाडी बांधायला वाकले ते वर येईचनात. आले तेव्हा तोंड लाल आणि छाती भात्यासारखी. बायकोने हातातला पडदा टाकला (ती घरीच पडदे शिवायची, बाहेरची खोली कायम कापडाने भरलेली असायची) आणि दंडाला धरून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तात साखर निघाली.

डॉक्टर मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनीही कधीकाळी केक आणला होता, त्यामुळे त्यांना थोडं अपराधी वाटलं असावं. "ही गोळी सकाळी नाश्त्याच्या आधी," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली की नाश्ता चुकवायचा नाही. आणि मास्तर, वजन जरा उतरवा. ताटात थोडं कमी, पायांना थोडं जास्त. बाकी काही नको."

मास्तरांना गोळी पटली. नाश्ता तर आधीपासूनच पटलेला होता. वजनाचं मात्र पचनी पडेना. एवढ्या वर्षांच्या पोटावर एवढा साधा उपाय म्हणजे त्या पोटाचा अपमान आहे असं त्यांना वाटलं. काहीतरी मोठं, नाव असलेलं, चार लोकांत सांगता येईल असं हवं होतं.

ते घेऊन आला मेहुणा.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाथरूमच्या फरशा विकायचा. फरशी विकता विकता त्याला कुठलीही गोष्ट विकायची सवय लागली होती. वजन उतरवण्याचा त्याचा अनुभव दांडगा होता, कारण त्याने ते खूप वेळा उतरवलं होतं. तो काखेत वजनकाटा घेऊन घरी आला, काटा पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, चढा."

भाऊजी चढले. काट्याने जो आकडा दाखवला तो बघून मेहुण्याने काटा बिघडलाय का हे पाहायला स्वतः चढून पाहिलं. मग ताईला चढवलं. ताई काडीसारखी होती. लोण्याचा अर्धा डबा ब्रेडवर थापून खायची आणि ते सगळं कुठे जायचं हे कुणाला कळत नसे. काटा बिघडलेला नव्हता.

पहिलं डाएट कोबीच्या सूपचं. सकाळी कोबी, दुपारी कोबी, संध्याकाळी बदल म्हणून तोच कोबी गरम करून. आठवडा संपला तेव्हा काटा चांगला खाली आला होता आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावून त्यांनी पट्ट्याचं नवं भोक दाखवलं. पण बंद काचांच्या छोट्या गाडीत कोबी काय करतो याचा विचार मेहुण्याने केलेला नव्हता. एक विद्यार्थी हायवेवर म्हणाला, "मास्तर, इंजिनातून वास येतोय का?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "जुनी गाडी आहे. काच खाली घ्या." रस्त्यावरची चारचौघांसारखी माणसं त्यांना भाजलेल्या बटाट्यांसारखी दिसायला लागली. सूप थांबलं त्या रविवारी त्यांनी जे हाताला लागेल ते खाल्लं, आणि पुढच्या रविवारपर्यंत उतरलेलं सगळं वजन पायऱ्या चढून घरी परत आलं.

"कोबीत दम नाही," मेहुणा म्हणाला. "शरीर आतून धुवायला पाहिजे."

दुसरं डाएट म्हणजे नुसते रस. हिरवा रस, लाल रस, आणि एक करड्या रंगाचा, ज्यात काय काय आहे ते मेहुण्याने सांगितलं नाही. शरीर धुतलं जात होतं का नाही कुणास ठाऊक, पण मास्तरांना गावातल्या एकूण एक पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहांची ओळख झाली. शिकवण्याचे रस्ते बदलले. पूर्वी ते विद्यार्थ्यांना बागेभोवती फिरवायचे, आता एका पंपापासून दुसऱ्या पंपापर्यंत. "आता डावीकडे घ्या, आत घ्या, उभी करा, इंजिन बंद करू नका," एवढं म्हणून ते दार उघडून पसार व्हायचे. त्या काळात शिकलेली मुलं अरुंद जागेत गाडी लावण्यात इतकी तरबेज निघाली की परीक्षकाने मास्तरांना थांबवून विचारलं, तुमची पद्धत काय आहे. मास्तरांनी विषय बदलला.

रसांनी त्यांची शक्तीच गेली. हातातली किल्लीसुद्धा जड वाटायची. एका दुपारी बायकोने त्यांच्यापुढे दोन उकडलेली अंडी ठेवली आणि मेहुण्याला फोन लावला. "तुझे रस तूच पी, यांना मी अंडी दिलीत," ती म्हणाली. "घरातला माणूस मला फडक्यासारखा पिळून नकोय."

मेहुणा खचला नाही. अंडी ऐकताच त्याला तिसरं डाएट सुचलं. ब्रेड, भात, बटाटा, साखर हे सगळं बंद. अंडी, लोणी, चीज, मांस पाहिजे तेवढं. मास्तरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. लोणी? लोणी. पाहिजे तेवढं? पाहिजे तेवढं. त्यांनी मेहुण्याला मिठीच मारली.

आणि खरं सांगायचं तर हे डाएट चाललं. पोट भरायचं, भूक लागायची नाही. पँट इतकी सैल झाली की बायकोने दोनदा कमरेत आत घेतली. मास्तर ऑफिसच्या पायऱ्या गुणगुणत चढायला लागले. बुटाची नाडी बांधायला वाकले आणि सरळ वर आले. तेवढ्यासाठी त्यांनी ती सोडून परत बांधली. गाडीसुद्धा पूर्वीइतकी कलेना. तक्रारी होत्या त्या लहानसहान. पोट साफ होईना. तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास यायला लागला, आणि शिकणारी माणसं "उजवीकडे बघा" म्हटलं की उगाचच जास्त वेळ उजवीकडे बघत राहायची. बेकरीसमोरून जाताना मास्तरांचा पाय आपोआप जादा ब्रेकवर पडायचा. विद्यार्थ्याला वाटायचं आपली काही चूक झाली. तो माफी मागायचा आणि मास्तर नाकाने खोल श्वास घेत म्हणायचे, "असू दे, जरा थांबू इथे."

बायको म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना सांगून या ना, हे असं असं चाललंय म्हणून."

"आणखी उतरलं की एकदमच दाखवतो. त्यांचे डोळे पांढरे झाले पाहिजेत," मास्तर म्हणाले. वीस वर्षांच्या पोराला पहिली नोकरी लागावी तसे ते हुरळून गेले होते, आणि हुरळलेल्या माणसाला कोण सांगणार. पुढे डोळे पांढरे झाले, पण कुणाचे ते येईलच.

कारण मग वजन थांबलं. काटा एका आकड्यावर रुसून बसला. मेहुण्याने चौथं डाएट आणलं, घड्याळाचं. दुपार झाल्याशिवाय काही खायचं नाही, आणि संध्याकाळ झाली की तोंड बंद. "हे वेगळं करतात लोक," तो म्हणाला. "पण तिसरं आणि चौथं एकत्र केलं तर दुप्पट फायदा. साधा हिशोब आहे, भाऊजी."

मास्तर शिस्तीचे. सकाळी उठून न चुकता साखरेची गोळी घ्यायचे, कारण गोळी म्हणजे औषध आणि औषध चुकवायचं नसतं. नाश्ता मात्र घड्याळाने बंद केला होता. डॉक्टरांच्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग लोण्याच्या आनंदात कुठे विरघळून गेला ते त्यांना कळलंच नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम यायचा, ओठांना मुंग्या यायच्या, डोकं फुग्यासारखं वर जायचं. त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"चरबी वितळतेय," मेहुणा म्हणाला. त्याने फरशीवर हात फिरवून ती इटलीची आहे असं सांगावं, त्याच खात्रीने.

मास्तरांना ते फार आवडलं. रोज सकाळी आपण वितळतोय या कल्पनेने ते गालातल्या गालात हसायचे.

त्या दिवसांत त्यांच्याकडे पोस्टातल्या बाई शिकत होत्या. बाई पोस्टाच्या खिडकीमागून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि पक्क्या जिद्दीच्या. आयुष्यभर बसने फिरल्या. आता स्वतःची गाडी घेऊन आपल्याला हवं तिथे, हवं तेव्हा जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण टेस्टमध्ये तीनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी मांजराला रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबल्या आणि मांजर बसूनच राहिलं. दुसऱ्या वेळी परीक्षकाने "हळू" म्हटल्यावर इतक्या हळू गेल्या की मागून चालत येणाऱ्या माणसाने त्यांना ओलांडलं. तिसऱ्या वेळचं त्या कुणाला सांगत नसत. दुसऱ्या गिअरच्या वर जायला त्यांचा जीव धजत नसे. चौथी टेस्ट तोंडावर आली होती, म्हणून मास्तरांनी त्यांना सकाळची जादा शिकवणी ठेवली.

बागेजवळच्या पहिल्या सिग्नलला मास्तर हसायला लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हा लाल दिवा बघा, किती टोमॅटोसारखा आहे. आणि खालचा हिरवा आहे ना, तो वाटाणा. किती व्यवस्थित वाढलंय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. चष्मेवाल्याने त्यांना सांगितलं होतं की परीक्षक मुद्दाम भलतंसलतं बोलून लक्ष विचलित करतात. मास्तर सराव करून घेतायत, त्यांनी ठरवलं. दिवा वाटाण्याचा झाल्यावर त्यांनी गाडी झकास पुढे काढली.

"बाई, तुम्ही दोघी फार छान चालवता," मास्तर म्हणाले.

"मी एकटीच आहे," बाई समोर बघत म्हणाल्या. "आरसा, इशारा, मग वळण."

"ती दुसरी जरा जास्त छान चालवते."

बाईंनी इशारा दिला आणि वळल्या. त्यांच्या मनात आलं, परीक्षक इतका पुढे जात नसावा. मोठ्या चौकातल्या गोलाकार रस्त्यावर गाडी शिरली तेव्हा मास्तरांनी एकाएकी जादा ब्रेक दाबला. गाडी मधोमध उभी. मागे हॉर्नचा गदारोळ. मास्तर सीटचा पट्टा सोडवायची खटपट करत होते.

"कुठे निघालात?"

"बेकरीत. मी पटकन येतो. तुम्हाला काही आणू का?" त्यांचा शर्ट ओलाचिंब झाला होता, चेहरा कागदासारखा, आणि तरी त्यांना खुदूखुदू हसू येत होतं. पट्ट्याचं बटण त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं.

बाईंना कळून चुकलं. हा सराव नव्हता. त्यांनी वाकून मास्तरांच्या बाजूचं दार लॉक केलं आणि पोस्टात रांग मोडणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"मास्तर, पाय ब्रेकवरून वर घ्या."

मास्तरांनी निमूटपणे पाय वर घेतले. ते मांडी घालायचा प्रयत्न करत होते, पण पोट आडवं येत होतं. उतरवलं तरी ते अजून पोटच होतं.

शिकाऊ चालकाशेजारी शिक्षक बसलेला असावा असा कायदा आहे. शिक्षक बसलेला होता, फक्त तो बाईंच्या हाताने चुकून सुरू झालेल्या वायपरला टाटा करत होता. बाईंनी गाडी सुरू केली. दवाखाना त्यांना माहीत होता. त्यांचे गुडघे त्याच डॉक्टर बघत. पण तिथे जायचा एकच रस्ता ठाऊक होता, बसचा. मग त्या बसच्या रस्त्याने निघाल्या. जिथे बस वळसा घालते तिथे त्यांनी वळसा घातला. बाजारामागच्या बोळातून बस जाते म्हणून त्याही गेल्या. सवयीने प्रत्येक थांब्याजवळ गाडी हळू केली, आणि एका थांब्यावर तर एक आजोबा हात दाखवून पुढे आले. "जागा नाही," बाई खिडकीतून म्हणाल्या आणि निघाल्या.

"तिकीट काढलं का?" मास्तरांनी विचारलं. त्यांची जीभ आता जड झाली होती आणि डोळे पांढरे व्हायला लागले होते.

बाईंना भीती वाटली ती या जड जिभेची. मोठा रस्ता आला. त्यांनी तिसरा गिअर टाकला. गाडी पळाली. मग, आपण काय करतोय हे मनाला कळायच्या आत, चौथा. झाडं मागे पडायला लागली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि घशातून एक बारीक आवाज निघत होता. भीतीचा होता की आनंदाचा, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. जन्मात कधी एवढ्या वेगाने त्या स्वतःहून कुठे गेल्या नव्हत्या.

दवाखान्यासमोर एक रुग्णवाहिका आणि एक टेम्पो यांच्यामध्ये जेमतेम गाडीएवढी जागा होती. बाईंनी मागे पाहिलं, स्टिअरिंग फिरवलं आणि एका फटक्यात गाडी फुटपाथला चिकटवून आत बसवली. हँडब्रेक ओढला. मग धावत आत गेल्या, त्या गुडघ्यांनी.

मास्तरांना जाग आल्यासारखं झालं तेव्हा दंडात सुई होती, तोंडात गोड चव होती, आणि बोटाला टोचून रक्त काढलेलं होतं. डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांचे डोळे पांढरे नव्हते, लाल होते.

"मास्तर, साखर किती खाली गेली होती माहीत आहे? आणखी थोडा उशीर झाला असता तर मी इथे नुसतं बोलत बसले नसते."

"माझी साखर तर जास्त असते," मास्तर म्हणाले.

"गोळी ती खाली आणते. खाली आणायला ती जेवणाशी भांडते. तुम्ही तिला भांडायला जेवणच दिलं नाहीत."

मग त्यांना ब्रेडचे दोन तुकडे आणि एक केळं देण्यात आलं. मास्तरांनी ब्रेड हातात घेतला, नाकाशी नेला, आणि त्यांचा बांध फुटला. रडत रडत, हसत हसत त्यांनी तो खाल्ला. इतका चांगला ब्रेड त्यांनी आयुष्यात खाल्ला नव्हता. नर्स म्हणाली की तो कालचा आहे. मास्तर म्हणाले, "कालचा असो, परवाचा असो."

तेवढ्यात बायको आली, हातात अजून शिवणाची टेप, आणि तिच्या मागून मेहुणा. बायकोने आधी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, ते कोमट लागल्यावर एक मोठा श्वास सोडला, आणि मग भावाकडे वळली. मेहुणा एका मिनिटात सगळं बोलून गेला.

"माझंच चुकलं, ताई. मला गोळीचं लक्षातच आलं नाही. आणि खरं सांगू का, माझं वजन पण टिकत नाही. कोबीने उतरलं, परत आलं. रसाने उतरलं, परत आलं, येताना बरोबर पाहुणे घेऊन आलं. मला वाटलं, भाऊजींचं तरी टिकेल."

ऐकून मास्तरांना त्याची दया आली. "त्याचं सगळंच चुकलं नाही हं, डॉक्टर," ते म्हणाले. "लोण्याच्या डाएटने मला खरंच बरं वाटत होतं."

"वाटणारच," डॉक्टर स्टुलावर बसल्या. त्यांचा राग ओसरला होता. "ब्रेड-भात कमी केला की साखर उतरते, वजनही उतरतं. बऱ्याच जणांना फायदा होतो. पण ते सुरू करायच्या आधी माझ्याकडे यायला हवं होतं, म्हणजे मी गोळी कमी केली असती. आणि लोण्याचा डबा असा रोज संपवला तर पुढे माझ्याऐवजी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. घड्याळाचंही तसंच. कुणाला जमतं, रात्रीचं चरणं थांबतं. पण तुमच्या गोळीवर सकाळचा उपास म्हणजे उतारावर ब्रेक काढून ठेवणं."

ही भाषा मास्तरांना पोचली.

"आणि कोबी?" बायकोने विचारलं. तिला कोबीची खरी काळजी होती, फ्रीजमध्ये अजून दोन गड्डे होते.

"कोबी चांगला आहे. एकटा नको, एवढंच. आठवड्यात जे उतरतं त्यात पाणीच जास्त असतं, म्हणून ते तितक्याच लवकर परत येतं."

"आणि रस?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"त्या करड्या रसात काय होतं?"

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, "मलाही नीट माहीत नाही."

आधी बायको हसली. मग नर्स, मग डॉक्टर, आणि शेवटी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या पोस्टातल्या बाई, ज्यांच्याकडे आतापर्यंत कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. बाईंना हसू आवरेना. "मी चौथा गिअर टाकला," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "मास्तर, तुम्ही बघितलंत का? मी चौथा टाकला."

"मला आठवत नाही," मास्तर खजील होऊन म्हणाले. "मला फक्त वाटाणे आठवतायत."

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि साखर स्थिर होईपर्यंत गाडीत बसून शिकवायला मनाई केली. मास्तर ऑफिसात बसून तक्त्यावरच्या खुणा शिकवायला लागले. कंटाळा आला की उठून चष्म्याच्या दुकानापर्यंत आणि मग पुढे बागेपर्यंत चालत जायचे. हळूहळू बागेला फेरी व्हायला लागली. घरात चारही डाएटमधलं जे टिकण्यासारखं होतं ते बायकोने ठेवून घेतलं, जुन्या पडद्यातला चांगला तुकडा काढून ठेवावा तसं. सकाळी अंडी आणि ब्रेडचा एकच तुकडा. संध्याकाळी लवकर जेवण. कोबीचं सूप आठवड्यातून एकदा, आणि ते तिलाच इतकं आवडलं की मास्तरांच्या वाट्याला वाटीभर उरायचं. केकचा खोका आला की एक तुकडा खाऊन उरलेला खोका चष्मेवाल्याकडे जायचा, आणि आता त्याचं पोट सुटायला लागलं होतं. वजन उतरत होतं, पण गोगलगायीच्या चालीने. मेहुण्याला ते बघवत नसे. तो काट्याजवळ बसून सुस्कारे सोडायचा. मग एके दिवशी तोही मास्तरांबरोबर बागेत आला, आणि दुसऱ्या फेरीला धापा टाकत बाकावर बसला.

"भाऊजी, ह्याचं नाव काय सांगायचं लोकांना?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"या डाएटचं."

मास्तरांनी विचार केला. नाव काही सुचलं नाही. "नाव नसलं तर सांगायला नको," ते म्हणाले, आणि दोघे तिसऱ्या फेरीला उठले.

पोस्टातल्या बाई चौथ्या टेस्टमध्ये पास झाल्या. परीक्षकाने एकदा अचानक बडबड सुरू केली, तर बाईंनी त्याला विचारलं, "सकाळी काही खाल्लंत का?" तो इतका गोंधळला की पुढे गप्पच राहिला.

त्यांनी सेकंडहँड निळी गाडी घेतली आणि पहिल्या रविवारी सगळ्यांना फिरायला नेलं. जिथे बस जात नाही असा रस्ता त्यांनी मुद्दाम निवडला होता, आणि त्यामुळे साहजिकच सगळे रस्ता चुकले. कुठल्याशा अनोळखी गावात पोचले. तिथल्या एका छोट्या खाणावळीत जे होतं ते खाल्लं. मास्तरांनी भात निम्मा ठेवला आणि मेहुण्याने तो भाऊजींच्या भल्यासाठी संपवला. मग चौघं त्या गावच्या गल्ल्यांतून उगाचच हिंडले, एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःला बघून हसले, बायकोने कुणाच्या तरी खिडकीतले पडदे किती वाईट शिवलेत ते सगळ्यांना दाखवलं.

परतीच्या वाटेवर बायको पुढे बसली. बाई आणि ती मोठमोठ्याने गप्पा मारत होत्या, मध्येच गात होत्या, सूर कुणाचाच कुणाशी जुळत नव्हता. मागे मेहुणा दाराचं हँडल धरून बसला होता. मास्तरांच्या पायाशी ब्रेक नव्हता, क्लच नव्हता, नुसती चटई होती. सुरुवातीला त्यांनी दोन-तीनदा चटईच दाबली. मग त्यांनी बूट काढले, पाय मोकळे सोडले, डोकं मागे टेकवलं. इतकी वर्षं दुसरं कुणी चालवत असलेल्या गाडीत त्यांनी कधी डोळे मिटले नव्हते. पुढच्या वळणाच्या आधीच ते घोरायला लागले.